सोनं शोधायला घरातलं सोनं मोडू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यावल-चोपडा पट्ट्यातले एक शेतकरी भाऊ लिहितात. वय ३६, चार एकर केळी, थोडी कपाशी. काही वर्षांपूर्वी हौस म्हणून २८ हजारांचा मेटल डिटेक्टर घेतला आणि आता पंचक्रोशीत कुणाची अंगठी, डोरलं, कानातलं शेतात पडलं की फोन यांनाच जातो. पेट्रोल आणि वर पाचशे-हजार मिळतात. मागच्या हंगामात मात्र एक चमकी आणि एक बारीक चेन काही सापडली नाही, तेव्हापासून डोक्यात नवं मशीन बसलंय, खास सोन्यासाठीचं, साडेसहा लाखांचं. विकणारा म्हणतो "फक्त सोनंच दाखवतं, १५ फुटांपर्यंत." केळीचे दोन लाख हातात आहेत, उरलेल्यासाठी बायकोचे डाग, म्हणजे दागिने, मोडायचे नाहीतर कर्ज काढायचं. शिवाय शेजारच्या गावातली दोन-तीन माणसं मागे लागलीयत की मशीन आण, जुनी गढी बघू, निम्मा वाटा तुझा. बायकोने बोलणं सोडलंय. "ताई, आते काय करू?"

भाऊ, रामराम.

तुमच्या पत्रात नव्या मशीनची माहिती भरपूर आहे, वजन किती, कॉइल किती इंची, बॅटरी किती वेळ चालते, सगळं. जुन्या मशीनची तक्रार मात्र फक्त दोन वस्तूंची, चमकी आणि चेन. इतक्या जणांचे डाग शोधून दिले आणि लिहिण्यासारखं हुकलं ते एवढंच, मला तरी हे काही वाईट वाटत नाही. पण तुमचा साडेसहा लाखांचा सगळा हिशोब त्या दोन वस्तूंवर उभा आहे, म्हणून आधी त्या का हुकल्या ते बघू.

डिटेक्टरला सोनं दिसत नसतं. कॉइलमधून, म्हणजे खालच्या चकतीतून, चुंबकीय लहर जमिनीत जाते, धातूत त्याने बारीकसा करंट फिरतो आणि त्या करंटचा परत येणारा सिग्नल मशीन पकडतं. अंगठी म्हणजे बंद कडं, त्यात करंट मस्त गोल फिरतो, म्हणून साध्या मशीनलाही अर्धी-पाऊण वीत खोल अंगठी सापडून जाते. चेनचं तसं नाही. ती हातभर लांब असली तरी मशीनला एक अख्खी वस्तू वाटत नाही, सुट्या सुट्या कड्या वाटतात, आणि एक कडी म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. बरेचदा चेनचा हूकच तेवढा बोलतो आणि बाकी सगळी चेन गप्प. मंगळसूत्रातही वाट्या बोलतात, पोत नाही. चमकी तर तुम्हाला माहितीच आहे, फिरकीसकट धरली तरी केवढीशी.

आता बारीक सोनं पकडायचं तर फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्या लहरीचा सेकंदाचा वेग, जास्त लागते. तुमच्याकडे जे मशीन आहे त्या वर्गातली मशिनं साधारण ५ ते २० किलोहर्ट्झमध्ये चालतात, नाणी, अंगठ्या, लोखंड सगळ्यासाठी मधली वाट. खास बारीक सोन्यासाठी बनवलेली ४५ किलोहर्ट्झची मशिनं मिळतात, अगदी ७१ किलोहर्ट्झचं जुनं मॉडेलही आहे. मायनलॅब कंपनीचं गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वालं, परदेशात हजार डॉलरच्या आत-बाहेर किंमत. ही खोल जात नाहीत पण वरच्या मातीतला बारीक कण सोडत नाहीत. म्हणजे बघा, चमकीच पाहिजे होती तर तिचा इलाज साडेसहा लाखांचा नाहीच आहे, फार फार तर लाख-सव्वा लाखाचा आहे, आणि तो तरी करायचा का हे चमक्या किती हरवतात त्यावर ठरवा.

तुम्ही ज्या वर्गातलं मशीन म्हणताय ते पल्स इंडक्शनवालं, म्हणजे सलग लहरीऐवजी तुटक झटके जमिनीत सोडणारं. मायनलॅबचं जीपीएक्स ६००० २०२१ साली आलं तेव्हा परदेशातच सहा हजार डॉलरच्या घरात होतं, त्यामुळे तुम्हाला सांगितलेली किंमत हवेतली नाही. मशीनही खोटं नाही, उलट जबरदस्त आहे. पण ते कुठल्या कामासाठी बनलंय ते बघा ना. ऑस्ट्रेलियात लालभडक, लोहयुक्त माती आहे, त्यात निसर्गाने टाकलेले सोन्याचे खडे पडलेत. १९८० साली व्हिक्टोरिया राज्यात एका माणसाला साध्या डिटेक्टरनेच २७ किलोचा खडा सापडला होता. तिथली जमीन साध्या मशीनला फार गोंधळात पाडते, म्हणून जमिनीचा आवाज दाबून खालचं सोनं ऐकणारं मशीन काढलं. आणि ते वापरायचं कुठे, तर उजाड माळरानावर, जिथे माणसाचा कचरा फारसा नाही. कारण लोखंड वेगळं काढायची सोय त्यात जवळजवळ नाहीच, जो धातू येईल त्याला ते बोलणार, आणि बारीकातल्या बारीकाला बोलणार.

आता हे मशीन घेऊन तुम्ही केळीच्या बागेत उभे आहात असं समजा. रोटाव्हेटरच्या पात्याचा तुकडा, ट्रॉलीचा बोल्ट, घमेल्याची कडी, ठिबक बांधायला वापरलेली तार, मजुरांनी टाकलेली डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं. शेवटची तर फारच त्रास देतात, कारण ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि बारीक सोनं यांचे सिग्नल एकमेकांच्या अंगावरच असतात. "फक्त सोनंच दाखवतं" हे वाक्य तिथेच संपतं भाऊ. असं मशीन कुणी बनवलेलं नाही, कितीही पैसे मोजा. तुमच्या आत्ताच्या मशीनमध्ये निदान खिळा आणि अंगठी यांचा टोन तरी वेगळा येतो, तिथे तीही सोय जाईल आणि दिवसभर खिळे उकरत बसाल.

शिवाय वीज. मोटारीची केबल, डीपी, वरून जाणारी लाईन, या सगळ्यांनी डिटेक्टर बडबडायला लागतो, आणि मशीन जितकं नाजूक कानाचं तितकी बडबड जास्त. तुमच्याकडे विहिरी-बोअर किती आहेत ते मी सांगायला नको. हा सल्ला जुन्या मशीनलाही लागू आहे बरं का, शोधायला जायचं तर त्या फिडरची लाईट गेलेली वेळ गाठा, मोबाईल बांधावर ठेवा आणि मगच चालू करा. वाचणाऱ्या बाकी लोकांनीही हे करून बघा, फुकट आहे.

एका बाबतीत मात्र मोठ्या मशीनची बाजू घेते. आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली आहे, तिच्यात मॅग्नेटाइट असतं. तापीच्या किंवा अनेरच्या पात्रातल्या सुक्या वाळूत लोहचुंबक फिरवा, काळ्या कणांची दाढी येते त्याला. तीच दाढी डिटेक्टरला खोटा सिग्नल देते आणि खोलीही खाते. पल्सवाली मशिनं हे खरंच जास्त चांगलं सांभाळतात. पण त्यासाठी तुमच्या मशीनमध्येही ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवून घ्यायची सोय, असतो, आणि मला दाट शंका आहे की तुम्ही तो घरून निघतानाच एकदा करता. शेत बदललं, रान ओलं झालं, पाणी दिलेल्या सरीतून कोरड्या सरीत गेलात की परत करायचा. सेन्सिटिव्हिटीही फुल ठेवायची नाही, बडबड थांबेल इतकी खाली आणायची, खोली कमी वाटते पण खरा सिग्नल ऐकू येतो.

आणि बाकी खोलीचं म्हणाल तर उन्हाळ्यात आपल्या जमिनीला ज्या भेगा पडतात त्यात गेलेली अंगठी कधी कधी हातभर खाली असते. तिथे तुमचं मशीन हरेल हे खरं. मोठं मशीनही बहुतेक हरेल, कारण अंगठीएवढ्या वस्तूची खोली दुप्पट-तिप्पट होत नसते, थोडीफार वाढते. अशा वेळी वरची माती फावड्याने ओढून घमेल्यातून मशीनसमोर पसरायची, तेच काम करतं.

आता ते १५ फूट. इथे जरा कडक बोलते. अंगठी १५ फुटांवरून दाखवणारं मशीन जगात नाही. हंड्याएवढी वस्तू असेल तर मोठ्या कॉइलची खास मशिनं एक-दोन मीटर खालून सांगू शकतात, बस. त्यामुळे विकणारा नेमकं काय विकतोय ते आधी बघा. त्याच्या हातात कॉइलचं चकतीवालं मशीन आहे, की पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे फिरणारा अँटेना? दुसरं असेल तर फोन ठेवून द्या. ती "लोकेटर" नावाची वस्तू शंभर मीटरवरून सोनं दाखवते म्हणून विकतात, आत काही नसतं. ब्रिटनमध्ये जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या माणसाने अशाच फिरत्या अँटेनाचा बनावट बॉम्बशोधक एडीई ६५१ इराकला कोट्यवधींना विकला, मूळ कल्पना गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावरून उचललेली. चेकपोस्टवर सैनिक ते घेऊन गाड्या तपासायचे. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. अख्खं सरकार फसतं, तर विकणाऱ्याच्या व्हिडिओवर आपण कुठे विश्वास ठेवायचा.

परीक्षा सोपी आहे. तुमच्या शेतात दहा जागा आखा, त्यातल्या तीन जागी तुमची स्वतःची अंगठी, एक पातळ चेन, एक लोखंडी बोल्ट वेगवेगळ्या खोलीवर पुरा, बाकी जागा नुसत्याच उकरून बुजवा, म्हणजे वरून सगळ्या सारख्या दिसतील. पुरताना विकणारा तिथे नको. आणि शोधताना पुरणारा तिथे नको, हेही तितकंच महत्त्वाचं, कारण माणसाच्या डोळ्यावरूनच समोरच्याला अंदाज येतो. मग त्याला म्हणा, दाखव कुठे काय आहे. खरा विक्रेता असेल तर तयार होईल आणि चुकेलही थोडं. "आज जमीन गरम आहे, अमावस्येला येतो" म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की नदीकाठी "खडा" सापडला तर मशीन एका दिवसात वसूल. भाऊ, हे मनातून काढाच. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत आपल्याखाली सगळा दक्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर थिजलेला, आणि तापीकाठी त्याच्यावर गाळ. आपल्या देशात सोनं मुख्यतः ज्या खडकात मिळतं ते त्याहून कितीतरी जुने, गारगोटीच्या शिरा असलेले. कर्नाटकात कोलारला ते होतं, ती खाण २००१ मध्ये बंद झाली, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची चालू आहे. महाराष्ट्रात थोड्या खुणा आहेत त्या पूर्व विदर्भात. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ती सराफ बाजारामुळे, तिथलं सोनं जमिनीतून आलेलं नाही.

गढीचं प्रकरण मला मशीनपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी दोन ओळीत टाकलंय, पण मला वाटतं मशीनची घाई तिथूनच आलीय. तुम्हाला इतकी वर्षं अंगठ्या शोधताना साडेसहा लाखांचं मशीन लागलं नाही, गढीवाले भेटल्यावर लागलं. बरोबर की नाही?

कायदा ऐका. १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे गुप्तधनाचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि चौकशीत कुणी मालक निघाला नाही तर, आधी काही वेगळा करार नसेल तेव्हा, तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा असं तोच कायदा म्हणतो, म्हणजे प्रामाणिक माणसाला तो वाईट नाहीये. पण गढीवाले तुम्हाला "निम्मा वाटा" म्हणाले तेव्हा कलेक्टर कुठल्या निम्म्यात धरला होता ते विचारा. जागा संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय खणणं हाच वेगळा गुन्हा. शंभर वर्षांहून जुनं नाणं-मूर्ती पुरावस्तू ठरते, ती गुपचूप विकता येत नाही. आणि गुप्तधनाच्या नावाने कुणी कोंबडं-बकरं, बाबा, उतारा असलं काही आणायला लागलं, जे अशा मंडळींत येतंच येतं, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं त्यात स्पष्ट येतं. पोलीस येतील तेव्हा मशीन कुणाच्या हातात असेल? तुमच्या.

आणि खरं सांगू, जुन्या वस्तीत निघतं काय? आपल्याकडे प्रकाशे, बहाळ, सावळदा इथे पुरातत्ववाल्यांनी उत्खननं केलीत, प्रकाशेचं १९५५ सालचं. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्या निघाल्या, सावळद्याच्या नावाने तर एक अख्खी संस्कृती ओळखली जाते, अभ्यासकांच्या दृष्टीने आपल्या खान्देशचं खरं धन. पण सापडलं ते मुख्यतः खापरं, मणी, दगडी पाती, तांब्याचे तुकडे. कुठला थर कुठल्या थरावर आहे यातून ते लोक इतिहास वाचतात, आपण एक खड्डा मारला की ते पान फाटलं. तर गढीवाल्यांना नाही म्हणा, आणि तोंडीच म्हणा, व्हॉट्सॲपवर वाद घालू नका.

आता पैशाचं. दोन लाख घातले तर उरले साडेचार लाख. बारा टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता महिन्याला १० हजारांच्या आसपास जातो. तुम्हाला एका डागामागे मिळतात पाचशे ते हजार. म्हणजे नुसता हप्ता फिटायला महिन्याला दहा ते वीस डाग सापडायला हवेत, पावसाळ्यातही, आणि पंचक्रोशीतल्या बायकांनी तितके हरवायलाही हवेत. डाग मोडायचे म्हणाल तर सराफ घट धरणार, घडणावळ गेलीच, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळ्याने लाख ओलांडला त्यानंतर परत तेवढंच करायचं म्हटलं तर तुम्हीच विचार करा. केळीचा भाव कधी पडेल सांगता येत नाही, सीएमव्ही हा विषाणूरोग आला की बाग उपटावी लागते. अशा घरात बायकोचे डाग ही शेवटची शिदोरी असते, आणि वहिनींनी, म्हणजे तुमच्या बायकोने, बोलणं बंद केलंय ते मशीनवरून नसेलही. तुम्ही "मोडू का" असं तिला विचारलंत, की "मोडायचे ठरवलंय" असं सांगितलंत? पत्रातून मला दुसरं वाटतंय. ते डाग तिचे आहेत, निदान माहेरचे तरी निर्विवाद तिचेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी जायच्या आधी हा विषय मिटवा, नाहीतर तिथे तो पाच जणांत होईल.

मग करायचं काय. माझ्या मते आत्ता दहा-बारा हजारांच्या वर खर्च करू नका. पहिलं म्हणजे पिनपॉईंटर घ्या, हातातला छोटा, गाजराएवढा असतो. तुम्ही लिहिलंय की सिग्नल आल्यावर कुदळीने उकरता, त्यात अर्धा वेळ जातो आणि डागावर घाव बसायची भीती. पिनपॉईंटरने ढेकळात बोटभर जागा कळते. दुसरं, जुन्या मशीनला लहान कॉइल, पाच-सहा इंची. कचऱ्याच्या जागी आणि बारीक वस्तूला ती मोठ्या कॉइलपेक्षा चांगली, केळीच्या बुंध्यांमधूनही फिरते. खोली थोडी जाते, हरकत नाही. तिसरा खर्च चांगल्या हेडफोनचा. एवढं करून त्या चेनच्या शेतात परत जा, पेरणीआधी, रान मोकळं असताना. तिथे दोऱ्या लावून पट्टे पाडा, हातभर रुंद, आणि कॉइल जमिनीला घासेल इतकी खाली ठेवून हळू चाला. मधे जागा सोडायची नाही. एकदा उभं झालं की आडवं.

पुढे खरंच काम वाढलं, चांगदेवच्या संगमावर किंवा यात्रेच्या ठिकाणी पाण्यात पडलेले डाग शोधायची बोलावणी यायला लागली, तर मधल्या किमतीचं, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं वॉटरप्रूफ मशीन बघा. तो खर्च मला पटेल, पण तोही हातातल्या पैशातून. घेताना पक्कं बिल, वॉरंटी इथे चालते का, बिघडलं तर कुठे पाठवायचं, हे आधी लेखी घ्या.

आणि एक, धंदा म्हणून करताय तर जरा शिस्त लावा, हे या कामातल्या सगळ्यांनाच सांगते. फोन आला की आधी वीस प्रश्न विचारा. शेवटचा डाग अंगावर कधी पाहिला, निंदणी कुठल्या ओळीपर्यंत झाली होती, पाणी कुठे प्यायला बसल्या, त्या दिवसाचा एखादा फोटो आहे का. शोधताना डागाचा मालक किंवा मालकीण समोर हजर पाहिजे, सापडल्यावर तिच्या हातात देतानाचा फोटो काढून ठेवा, वजनात काही मागू नका, येण्याचा ठरलेला आकडा आधी सांगा, सापडो न सापडो. सापडल्यावर खुशीने वर दिलं तर घ्या. आत्ता तुम्ही न सापडल्यास पेट्रोलही घेत नाही असं लिहिलंय, तो मोठेपणा बंद करा, मग मोठं मशीन घ्यायची खुमखुमीही थोडी कमी होईल.

कॉइल मागवताना मशीनचा मॉडेल नंबर नीट बघून मागवा, एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लागत नाही. आणि चेन सापडली तर कळवा.